बाथरूम असलेला कॅफे

गेमिंग कॅफे कसा असावा, यावर हल्ली कोणीही उठतो आणि मत देतो. कोणाला सिंहासनासारखी खुर्ची हवी, कोणाला भिंतीवर जांभळे-निळे दिवे हवेत, कोणाला स्क्रीन एवढा मोठा हवा की बघताना मान अवघडावी. आत्याला विचारलंत, तर ती तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळेल आणि उलट विचारेल, "बाथरूम कसं आहे?"

हसू नका. हसणारे पुष्कळ झाले. त्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून आत्याचा कॅफे आजही चालू आहे, आणि तो कसा चालू राहिला हेच सांगायचंय.

आत्या म्हणजे कोणा एकाची आत्या नव्हे. सुरुवातीला तिचा भाचा आपल्या मित्रांना घेऊन यायचा, त्याच्या तोंडून मित्रांनी हाक उचलली. भाचा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, मित्र इथेच राहिले, हाकही राहिली. आता दाढीत पांढरे केस आलेले, बँकेत कामाला असलेले बाप्येसुद्धा दारातून ओरडत येतात, "आत्या, कोपऱ्यातलं मशीन रिकामं आहे का?" आणि आत्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणते, "तुझ्या नावाने कोरलंय का ते? असेल तर बस, नसेल तर थांब."

त्याआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी, हातात दोऱ्या, आणि एकामागून एक लागणाऱ्या लाईनी. सगळं तारुण्य त्या पाटीसमोर गेलं. लग्न का नाही केलं म्हणून कोणी खोदून विचारलं, तर म्हणायची, "दिवसभर परक्यांच्या गप्पा जुळवून देत होते. माझ्या जुळवायला वेळ कुठला?" मग आपोआप लाईन लावणारी यंत्रं आली आणि ऑपरेटर बायका एक-एक करून घरी गेल्या. आत्याही घरी आली. दादा आणि वहिनीला वाटलं, आता ही बसेल, देवाचं काहीतरी वाचेल, भाजी निवडेल. आत्याने वडिलांच्या बंद दुकानाची किल्ली मागितली.

वडील शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. ते गेल्यापासून दुकानाला कुलूप होतं, आणि ते दोघा भावंडांच्या नावावर होतं. लांबोडकी बोगद्यासारखी जागा: पुढे रस्त्यावर उघडणारं शटर, मागे अरुंद गल्लीत उघडणारं लाकडी दार, आणि त्या मागच्या दाराशेजारी एक मोडकं न्हाणीघर. आत्याने आधी कॉम्प्युटर नाही घेतले. आधी गवंडी बोलावला आणि ते न्हाणीघर खणायला लावलं. दादाने कपाळावर हात मारला. "अगं, धंदा कसला आणि तू सुरुवात कुठून करतेस!"

"जिथून करायला हवी तिथून," आत्या म्हणाली.

आणि काय बाथरूम केलं म्हणून सांगू! पांढऱ्या फरशा, खरोखर बसणारी कडी, बॅग टांगायला भक्कम खुंटी, झाकणाची कचरापेटी, ओलं न राहणारं पायपुसणं, चेहरा सरळ दाखवणारा आरसा. साबण कधी संपलेला नसतो, बल्ब कधी गेलेला नसतो. दारावर तिने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं: 'जायचं तर जा. विचारू नका.' मग बाकीचं झालं. दोन्ही भिंतींना टेबलांच्या रांगा, मध्ये आडपडदा नाही, खेळणाऱ्यांची पाठीला पाठ. वायरी जुन्या साड्यांच्या काठांनी बांधलेल्या. रोज सकाळी प्रत्येक कीबोर्ड उलटा करून झटकायचा, हेडफोनचे स्पंज धुऊन मागच्या गल्लीत वाळत घालायचे. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, ही काळ्या इडल्यांसारखी कसली वाळवणं!

आजूबाजूचे लोक नाक मुरडत. पोरं बिघडवण्याचा कारखाना म्हणत. आत्या म्हणायची, "बिघडलेली आधीच येतात, मी फक्त बसायला खुर्ची देते." ती कोणाची भीडभाड ठेवणारी बाई नव्हे. शिवी ऐकू आली की शिवी देणाऱ्याला उठवून समोर उभं करायची आणि म्हणायची, "आता ती मला दे. स्पष्ट उच्चारात दे." मोठेमोठे तालेवार खेळाडू तिथे लाल होऊन माना खाली घालत.

पण या कॅफेची खरी गंमत वेगळीच होती. ज्यांनी असले खेळ खेळले नसतील त्यांना सांगायला हवं: चालू सामना थांबवता येत नाही. समोरचे लोक जगाच्या कुठल्या कोपऱ्यात बसलेले असतात, ते तुमच्या पोटासाठी थांबत नाहीत. मधेच उठलात तर तुमचा गडी मैदानात खांबासारखा उभा राहतो, मारला जातो, आणि सोबतचे चौघं तुम्हाला जन्मभर ऐकवतात. म्हणून गेमर लोक एक हमखास चूक करतात. दाबून धरतात. पाय हलवतात, ओठ चावतात, खुर्चीच्या कडेवर येतात, पण उठत नाहीत. वर त्याचा अभिमान बाळगतात.

आत्याला हे दृश्य बघवायचं नाही. पहिल्याच आठवड्यात एक जाडजूड गडी असा वळवळताना दिसला तेव्हा ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "ऊठ!"

"आत्या, मॅच चालू आहे!"

"ऊठ म्हणते ना! मी बसते."

तो उठला, कारण तिचा आवाजच तसा होता. आत्या बसली. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने त्याचा सैनिक एका झाडामागे नेला आणि तिथल्या तिथे गोल-गोल फिरवत ठेवला. आजूबाजूचे हसून-हसून लोळायचे बाकी राहिले. पण तो गडी परत आला तेव्हा सैनिक जिवंत होता.

त्या दिवसापासून कॅफेत रीत पडली. कोणाला जायचं असलं की त्याने नुसतं 'बदली!' म्हणून ओरडायचं आणि निघायचं. जवळ जो रिकामा असेल, नंबराची वाट बघत असेल, त्याने खुर्चीत बसायचं आणि परतेपर्यंत किल्ला लढवायचा. ओळख असो-नसो. कुठल्या गटाचा, कोणाशी भांडण झालेला, काही पाहायचं नाही. कोणीच रिकामं नसेल तर आत्या येणार आणि गोल-गोल फिरणार. बदलीवर आलेला हरला तरी त्याला बोल लावायचा नाही, हा नियम. अशा बदल्यांमधून किती जणांच्या दोस्त्या झाल्या, एक तर चक्क लग्न झालं.

लग्न म्हटलं म्हणजे मुली आल्या. दुसऱ्या कॅफेंमध्ये मुली फिरकत नसत; लोक म्हणत, मुलींना आवडच नसते. आत्याच्या कॅफेत मुली येत, कारण तिथे चार तास बसता येत होतं. बाकीच्या ठिकाणी त्या तहान मारून यायच्या आणि तासाभरात निघायच्या. हे आत्याशिवाय कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण बाकीच्या कॅफेंचे मालक गल्लीच्या भिंतीवर भागवत.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना टायवाले साहेब आले. एका मोठ्या कंपनीचे तरुण, हसतमुख गृहस्थ. गळ्यातल्या टायमुळे पोरांनी नाव तेच पाडलं. कंपनी गावोगाव गेमिंग कॅफे काढत होती. त्यांना रस्त्यावरची जागा हवी होती आणि आत्याचं गिऱ्हाईकही. दुकान कंपनी चालवणार, भाडं भावंडांना, आत्याला व्यवस्थापक म्हणून पगार. दादाचा चेहरा उजळला. त्याला बहिणीची काळजी होती हो, वाईट माणूस नव्हता तो. हिचे गुडघे धरलेत, उद्या हिचं कोण करणार, हा घोर त्याला होताच. शिवाय 'पोरं बिघडवण्याच्या कारखान्या'च्या मालकिणीचा भाऊ म्हणून बाजारात हळूच होणारी चेष्टा थांबली असती, तेही होतंच.

आत्याही आधी नाही म्हणाली नाही. नवी मशीनं येणार म्हणून ती हरखलीच होती. जांभळे दिवे? लावा. सिंहासनं? आणा. प्रत्येक खेळाडूला बंद दाराची केबिन म्हटल्यावर मात्र तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग बदलीवाला आत कसा जाणार?" साहेबांना प्रश्नच कळला नाही. "मॅडम, एकांत हा आमचा मुख्य मुद्दा आहे," ते म्हणाले. आत्याने तेही गिळलं. मग साहेबांचा माणूस टेप घेऊन मोजमाप करत मागे गेला, आणि त्याने बाथरूमच्या दारावर, 'जायचं तर जा'च्या बरोबर खाली, खडूने लिहिलं: केबिन.

"हे काय?" आत्या म्हणाली.

"इथे दोन केबिन बसतात, मॅडम. जागा वाया जातेय."

"आणि लोकांनी जायचं कुठे?"

"चौकात सार्वजनिक सोय आहे की. जवळच आहे."

आत्याने पदराचं टोक ओलं केलं, खडू पुसून काढला आणि म्हणाली, "सौदा मोडला. चहा घेऊन जा."

घरात त्या दिवशी जे झालं ते काय सांगावं! वहिनी म्हणाली, "अहो वन्सं, सोन्यासारखी संधी, आणि ती कशासाठी लाथाडता, तर संडासासाठी?" दादा आधी समजावत होता, मग चिडला, मग त्याचा आवाज चढला. "लोकांना काय सांगू मी? बहिणीने बाथरूमसाठी कंपनीला हाकललं?"

"असंच सांग. खरं तेच आहे."

"कारण तरी सांग!"

"लोकांना लागते, हे कारण पुरत नाही का तुला?"

त्याच्यापलीकडे ती बोलेना. आत्याला हट्टी म्हणावं तर म्हणा, पण सांगण्यासारखं आणखी काहीतरी होतं आणि ते ओठांवर येत नव्हतं. दादा मग मनाला लागेल असं बोलला. म्हणाला, "दुकान निम्मं माझं आहे. माझा निम्मा भाग मी देणार. मध्ये भिंत घालतो." त्याला वाटलं, भिंतीच्या नुसत्या नावाने ही नरमेल. आत्या म्हणाली, "घाल."

आता माघार घ्यायची तर पुरुषाची इज्जत जाते. त्यामुळे भिंत घालायचं ठरलं. गवंडी आला, विटा आल्या. दादा म्हणाला, "तू धाकटी आहेस. आधी तू निवड." यात त्याचा चांगुलपणा होता. रस्त्याची बाजू हिने घ्यावी, मागची आपल्या वाट्याला आली की कंपनी आपसूक पाय काढून घेईल आणि भांडण मिटेल, असा त्याचा आतल्या आत हिशोब होता. आत्या उठली, लांबोडक्या खोलीतून चालत थेट मागे गेली आणि बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"हा भाग."

गवंडी हातातली थापी खाली ठेवून हसला. "बाई, रस्ता सोडून गल्ली घेताय? तिथे कोण येणार?"

"ज्याला लागेल तो येईल," आत्या म्हणाली. "भिंत सरळ घे. वाकडी झाली तर पाडायला लावीन."

भिंत झाली. पुढे कंपनीचा कॅफे झाला, आणि खोटं कशाला बोला, डोळे दिपले. अंधारात चमकणाऱ्या केबिनी, मऊ गालिचा, दाराशी गणवेशातली मुलगी. आत्याच्याकडे निम्मी मशीनं उरली आणि गल्लीतलं दार. वाळवणाची जागासुद्धा गेली, कारण आता तोच येण्याचा रस्ता. पहिले काही दिवस तिचे जुने भिडू पुढे जाऊन आले. काही तिकडेच रमले. आत्याला वाईट वाटलं. तिने ते लपवलंही नाही. जे परत आले त्यांना म्हणाली, "आलात? उपकार नाही केलेत. बसा." मग हळूच त्यांच्या खुर्च्यांवरची धूळ पुसली.

आणि मग मागच्या दाराशी अनोळखी चेहरे यायला लागले. एक पाय दुसऱ्यावर, घामाघूम, घाईत. कंपनीच्या कॅफेतली गिऱ्हाइकं. चौकातल्या 'सोयी'ला त्या दिवसांत कुलूपच असायचं, आणि उघडी असली तरी आत शिरण्यासारखी नसे. केबिनचं दार लावून बसलेल्या माणसाला बदली कोण देणार? बिचारे सामना हरून, शटरमधून बाहेर पडून, अख्ख्या इमारतीला वळसा घालून धावत येत. दारात थबकत, काहीतरी विचारायला तोंड उघडत, आणि आत्या मान न वळवता बोट करायची: त्या बाजूला.

तिचे भिडू भडकले. "आत्या, त्यांना कशाला? त्यांच्या कंपनीने तुमचं दुकान कापलं!"

"मुताला कंपनी कळत नाही," आत्या म्हणाली. "आणि माझ्या दारातून कोणाला परत पाठवायचं असेल, तर आधी मला पाठवा."

पुष्कळ जण एकदा येत, आत बदलीचा आरडाओरडा बघत, दोन मिनिटं रेंगाळत आणि दुसऱ्या दिवशी आत्याकडेच खेळायला येत. बातमी टायवाल्या साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एके दिवशी भर दुपारी ते गल्लीतून आत आले. सोबत दादा होता, आणि दादाच्या चेहऱ्यावर आता झालं-गेलं विसरायचं असा भाव होता.

साहेबांनी तोडगा आणला होता. भिंतीत एक दार पाडायचं, म्हणजे आतूनच बाथरूमकडे जाता येईल. कंपनी वापराचं भाडं देईल. "फक्त एक अट आहे, मॅडम. दाराला आमच्या बाजूने कुलूप असेल. किल्ली आमच्या काउंटरवर. गिऱ्हाईक आमच्या मुलीकडे मागेल, मग जाईल. म्हणजे शिस्त राहील."

"किल्ली मागून?" आत्या म्हणाली.

"हो. परवानगीने."

"नाही."

"मॅडम, पण तुम्ही तर सगळ्यांना—"

"सगळ्यांना या म्हणते. वळसा घालून या, माझ्या खोलीतून या, दिवसातून दहादा या. पण कुलूप नाही, किल्ली नाही, आणि मागणं तर नाहीच नाही."

दादाचा संयम सुटला. भरल्या खोलीत, सगळ्या भिडूंच्या देखत तो ओरडला, "अगं बाथरूमच आहे ना ते! देऊळ आहे का? त्याच्यापायी घर फाटलं, दुकान फाटलं! का एवढा माज तुला त्या संडासाचा?"

खोलीभर माना वळल्या. हेडफोन खाली आले. सामने तसेच सुटले.

आत्या खुर्चीतून उठली. "सांगते," ती म्हणाली. "एक्स्चेंजमध्ये जायचं असलं की हात वर करायचा. सुपरवायझर बाई बघायच्या, नाहीतर नाही बघायच्या. बघितलं तर म्हणायच्या, लाईनी भरल्यात, बदली नाही, थांब. हात वर ठेवून दुसऱ्या हाताने लाईनी जोडायच्या. 'नमस्कार, कुठला नंबर हवा?' आवाज गोड हवा. पाणी प्यायचं सोडून दिलं आम्ही सगळ्यांनी. माझ्या शेजारच्या बाईची किडनी गेली त्यात. आणि एका दुपारी मी हात वर करून बसले होते, बदली आली नाही, आणि माझ्याच्याने धरवलं नाही. साडी भिजली. खुर्ची भिजली. कानात तो माणूस विचारत होता, 'ऑपरेटर, आहात का?' मी म्हटलं, 'हो साहेब, जोडते.' शिफ्ट संपेपर्यंत तशीच बसले. तशीच रस्त्याने चालत घरी आले."

ती दादाकडे वळली. "आईला सांगितलं, नळ फुटला, पाणी उडालं. तू ओट्यावर बसला होतास. तू हसलास. म्हणालास, 'बघा, आपली ऑपरेटर पोहून आली.' आठवतंय?"

दादाला आठवत होतं. त्याचा चेहराच सांगत होता. तो चांगला विनोद झाला म्हणून वर्षानुवर्षं पाहुण्यांना त्यानेच सांगितलेला किस्सा होता तो. आत्या प्रत्येक वेळी चहाचे कप उचलून आत जायची, हे आज त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने भिंतीला हात टेकला, त्यानेच घातलेल्या भिंतीला.

टायवाले साहेब बुटांकडे बघत होते. हळूच म्हणाले, "मग दाराचं काय करायचं, काका?"

"दार नाही होणार," दादा म्हणाला. पुन्हा म्हणाला, मोठ्याने, खोलीभर ऐकू जाईल असं. "किल्लीचं दार या भिंतीत होणार नाही. माझ्याही बाजूने नाही. तुमच्या लोकांना सांगा, वळसा घालून या." मग तो बहिणीकडे वळला, आणि त्याचे डोळे भरून आले. "तू तेव्हाच का नाही सांगितलंस गं?"

"सांगायला हात वर करायचा होता का मी?" आत्या म्हणाली. "लोकांना लागते, एवढं सांगितलं होतं. तेवढ्यावर ऐकायला हवं होतंस."

आणि ती हसली नाही, रडलीही नाही, आणि त्याला माफ केलं असंही म्हणाली नाही.